तिकडे खासदाराला वकील म्हणतात

माझ्या अब्बांचं बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं आत उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं, एवढीच जागा. मी अकरावीत होते त्या वर्षी एका दुपारी एक उंच, जरासा वाकलेला माणूस चादरीत गुंडाळलेला रेडिओ घेऊन तिथे आला. त्यावर बाहेरदेशीची स्टेशनं लागत नव्हती. अब्बांनी मागचं झाकण काढलं तर आत धूळ आणि विटांचा भुगा.

"साहेब, हा पडला होता का?" अब्बांनी विचारलं.

"घर पडलं," तो म्हणाला. "रेडिओ घरात होता."

अब्बांनी समोरून चहा मागवला. चहा पिता पिता त्या माणसानं सांगितलं ते असं. तरुणपणी तो पुण्यात शेतकी शिकायला होता, त्यामुळे स्वतःच्या देशाबाहेरचं एवढं एकच शहर त्याला ठाऊक. काबूलमध्ये आता आपसातली लढाई जुंपली होती आणि डोंगरांवरून वस्तीवर रॉकेटं पडत होती. मोठा मुलगा भट्टीवर नान आणायला गेला तो परत आलाच नाही. मग बायको आणि मुलीला घेऊन तो निघाला. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये ते उतरले होते, आणि लॉजवाल्यानं "ही धर्मशाळा नाही" असं ऐकवलं होतं.

त्या संध्याकाळी अब्बा बिबवेवाडीला घरी आले आणि चप्पल काढायच्या आधी अम्मीला म्हणाले, "वरची खोली झाडून ठेव."

अशी ती, त्यांची मुलगी, आमच्या घरी आली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, हातात कसलंही सामान नाही, फक्त आईचा हात घट्ट धरलेला. आमच्या घरात दखनी बोलतात, शाळेत आणि रस्त्यावर मराठी. त्यांची भाषा फारसीच्या घरातली, त्यामुळे दर चार शब्दांत एखादा ओळखीचा निघायचा. त्यांच्याकडेही वडलांच्या भावाला काकाच म्हणतात. तिनं पहिल्याच दिवशी अब्बांना काका म्हणून हाक मारली तेव्हा शेजारच्या बाईंना वाटलं, पोरगी मराठी शिकूनच आली आहे. अम्मीला ती खाला म्हणायची, मला आपा. तिच्या वडलांना तिकडे सगळे उस्ताद, म्हणजे गुरुजी, म्हणत, म्हणून आम्हीही उस्ताद म्हणू लागलो, आणि आईला ती जसं म्हणायची तसं, मादर. पुढचं सगळं संभाषण मी मराठीतच लिहिते आहे. प्रत्यक्षात ते तीन भाषांची खिचडी होतं.

मादरनी आल्या आल्या एक काम केलं. पार्सलला लावतात ती तपकिरी चिकटपट्टी आणवली आणि खोलीच्या दोन्ही खिडक्यांच्या काचांवर आडव्या-तिरक्या पट्ट्या मारल्या. अम्मीला वाटलं काचा तडकल्या असतील. "नाही तडकल्या," मादर म्हणाल्या, "तडकल्यावर अंगावर येऊ नयेत म्हणून." अम्मीनं खूप समजावलं की इथे तसं काही होत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, आणि पट्ट्या तशाच ठेवल्या. घर पाडेपर्यंत त्या काचांवर गोंदाचे चट्टे होते.

परदेशी माणसांना ठरावीक मुदतीनं पोलिसांच्या कचेरीत जाऊन मुक्काम वाढवून घ्यावा लागायचा. सुरुवातीला उस्ताद एकटे जायचे. मोठा शिकलेला माणूस, पण टेबलासमोर उभे राहिले की त्यांचा आवाज बसायचा. मुलगा गेल्यापासून असं झालं होतं, असं मादर सांगायच्या. मग ती सोबत जायला लागली आणि हळूहळू तीच बोलायला लागली. एकदा मीही गेले होते. टेबलापलीकडच्या साहेबांनी कागद उलटसुलट केले आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "देश आहे का तरी तुमचा अजून?"

उस्तादांनी मान खाली घातली. ती तेव्हा नववीत होती. शाळेतून उचललेल्या मराठीत ती म्हणाली, "आहे साहेब. सध्या बंद आहे. दुपारी दुकानं असतात तसा."

साहेब हसले, आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर मी तिला शाबासकी दिली तर ती रडत होती. "मला तसं बोलायचं नव्हतं," ती म्हणाली. "ते हसावेत म्हणून मी माझ्या देशाची चेष्टा केली."

तिची ही सवय पुढेही गेली नाही. काम व्हावं म्हणून ती समोरच्याला हसवायची आणि मग घरी येऊन गप्प बसायची.

उस्ताद पुण्यात चार-पाच पावसाळे काढून गेले. छातीत कळ आली म्हणाले, अब्बा रिक्षा आणायला धावले, रिक्षा आली तोवर सगळं आटोपलं होतं. दफन इथल्याच कब्रस्तानात झालं. खांदा द्यायला त्यांच्या देशाचं कुणीच नव्हतं. आमची गल्ली होती, अब्बांच्या शेजारचे दुकानदार होते, वरातीत बँड वाजवणारे दोघे होते. मादर वरच्या खोलीतून खाली उतरल्या नाहीत. त्यानंतर त्या शिवणकाम करू लागल्या, आणि ती कॉलेजात राज्यशास्त्र शिकू लागली. मी तिला म्हटलं होतं, बाई, नोकरी मिळेल असं काहीतरी शिक. ती म्हणाली, "आपा, माझा भाऊ कशानं मेला ते मला कुणीतरी शिकवायला हवं ना."

मग मधल्या वर्षांत तिकडे आलेलं, बायकांना घरात कोंडणारं सरकार पडलं, बाहेरच्या फौजा आल्या, आणि टीव्हीवर सगळे म्हणू लागले की आता तिथे सगळं नव्यानं उभं राहणार. ती लगेच निघाली. मादर तयार नव्हत्या. त्यांचा नवरा इथे पुरलेला, मुलगा तिथे, कुणाच्या बाजूला राहायचं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी वर्षभरानं त्याही गेल्या. जाताना अम्मीच्या गळ्यात पडून म्हणाल्या, "त्यांच्या कबरीवर अधूनमधून पाणी घालत जा." अम्मी होती तोवर जायची. तिच्यानंतर मी जाते.

काही वर्षांनी एके दिवशी फोन आला. ओरडत होती. अम्मीनं घेतला.

"खाला, मी वकील झाले!"

"अगं पण कायदा कधी शिकलीस तू?" अम्मी म्हणाली. "राज्यशास्त्र ना तुझं?"

तिकडे खासदाराला वकील म्हणतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. उस्तादांच्या मूळ प्रांतातून, बायकांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ती निवडून आली होती. तिथे बऱ्याच मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून मतपत्रिकेवर नावाशेजारी फोटो आणि चिन्ह असायचं. तिला मिळालं होतं दोन छत्र्या. वर्षातून जेमतेम पाऊस पडणाऱ्या मुलखात दोन छत्र्या! अब्बा खूप हसले. नंतर त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की आमच्या वरच्या खोलीतली मुलगी खासदार झाली. लोकांचा विश्वास बसला नाही. एकानं विचारलं, "कुठल्या पक्षाची?"

तिच्या संसदेबद्दल मला जे माहीत आहे ते तिच्या फोनवरून. बायकांना मारहाण करणं हा गुन्हा ठरवणारा एक कायदा त्यांच्यापुढे होता. ती बोलायला उभी राहिली की समोरच्या बाकांवरचे काहीजण खुर्च्या फिरवून पाठ करून बसायचे. एकदा पाण्याची बाटली फेकून मारली. ती म्हणाली, "आपा, पाठीशी बोलायची सवय झालीय मला. पाठ मध्ये बोलत नाही."

तो कायदा अडकला तो अडकलाच. मग तिनं एक लहानसं काम हातात घेतलं. तिच्या प्रांतात एका गावात मुलींची शाळा होती, पण उघड्यावर. चार खोल्या आणि भोवती माळ. रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना मुली दिसतात म्हणून वयात आल्यावर घरचे त्यांना काढून घ्यायचे. गावकऱ्यांचं म्हणणं एवढंच की शाळेला उंच भिंत घाला, आम्ही पाठवतो. मंत्रालयं, परदेशी संस्था, ठेकेदार, सगळ्यांकडे ती त्या भिंतीसाठी फिरत राहिली. शाळेतली एक शिक्षिका तिला दर आठवड्याला फोन करायची, भिंत कुठवर आली म्हणून. मधल्या वर्षांत तिचं लग्न झालं, मुलगी झाली. दुसऱ्यांदा निवडून आल्यावर ती भिंत पुरी झाली. तिनं मला फोटो पाठवला. पिवळसर दगडांची, माणसाच्या दुप्पट उंच भिंत, आणि तिच्या निळ्या फाटकासमोर ती, तिची लहान मुलगी आणि ती शिक्षिका. तिघी उन्हात डोळे बारीक करून उभ्या.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तिच्या गाडीखाली स्फोट झाला. त्या दिवशी ती नेहमीच्या जागी, म्हणजे मागे उजवीकडे, बसली नव्हती. मुलीला ताप होता, तिला मांडीवर घेता यावं म्हणून ती डाव्या बाजूला सरकली होती आणि उजवीकडे नवरा बसला होता. तो शाळामास्तर होता, राजकारणाशी त्याचा काही संबंध नव्हता. तो आणि ड्रायव्हर जागीच गेले. मुलीला खरचटलं. तिचा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत फाटला.

उपचारांसाठी तिला पुण्याला आणलं. आता ती सरकारी पाहुणी होती, दवाखान्यात दूतावासाचा माणूस येऊन गेला. पण घरी सोडल्यावर ती बिबवेवाडीलाच राहिली, मुलीला आणि मादरना घेऊन. अब्बा तेव्हा थकले होते. अम्मी नव्हती. पायातले लोखंडाचे काही तुकडे डॉक्टरांनी काढले, काही काढण्यात धोका होता म्हणून तसेच ठेवले. ती भिंतीला धरून चालायची आणि नवऱ्याबद्दल एक शब्द बोलायची नाही. मुलगी मात्र बोलायची. कुणीही घरी आलं की सांगायची, "बाबांनी आईची जागा घेतली, माझ्यामुळे." आम्ही तिला समजावून थकलो की तसं नव्हतं.

परत जायची वेळ आली तेव्हा मी तिच्याशी भांडले. "इथे राहा," मी म्हटलं. "तुझी आई इथे आहे, मुलगी इथे आहे. वडील इथे आहेत. तिथे कोण आहे आता?"

"मतदार आहेत," ती म्हणाली.

"मतदार तुझ्या मुलीला सांभाळणार आहेत?"

ती पाय चोळायला लागली. मग म्हणाली, "ती शाळेतली बाई अजून फोन करते. आता विहिरीसाठी. मी इथे बिबवेवाडीत बसून तिला काय सांगू? की माझ्या जिवावर बेतलं म्हणून मी पळाले, तू मात्र शाळेत जात राहा?"

अब्बा पलंगावरून म्हणाले, "जाऊ दे तिला." ती गेली, आणि मुलीला आणि मादरनाही घेऊन गेली. अब्बा त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. पुढच्या निवडणुकीत ती तिसऱ्यांदा निवडून आली.

बाहेरच्या फौजा निघाल्या आणि काबूल पुन्हा त्या जुन्या राज्यकर्त्यांच्या हाती पडलं तेव्हा मी शाळेचा ऑनलाइन तास घेत होते. मी मराठी शिकवते. एका मुलानं मध्येच मायक्रोफोन सुरू करून विचारलं, "मॅडम, ते विमानाला लटकलेले लोक बघितलेत का?" मी तास तिथेच बंद केला आणि तिला फोन लावत बसले. फोन बंद होता. पुढचे कित्येक आठवडे तो बंदच होता. ती जिवंत आहे हे मला एका अनोळखी इराणी नंबरवरून कळलं. घरोघर झडती सुरू झाल्यावर ती या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे लपत राहिली, आणि मग मुलीला घेऊन, बुरख्यात, एका आजारी म्हातारीची सून म्हणून तिनं इराणची सीमा ओलांडली. मादर आल्या नाहीत. त्यांच्यानं डोंगरातली वाट चालवली नसती. "तू जा, मी दार लावून घेते," एवढंच त्या म्हणाल्या. त्या हिवाळ्यात त्या गेल्या. शेजाऱ्यांनी दार ढकललं तेव्हा त्या निजल्यासारख्या पडल्या होत्या. ही बातमी तिला तेहरानमध्ये मिळाली, आणि रडायलाही जागा नव्हती, कारण एका खोलीत चार कुटुंबं होती.

भारतात येण्याचा तिला एकच मार्ग सापडला, वैद्यकीय उपचारांचा. पायात उरलेलं लोखंड असं कामाला आलं.

तोवर आमचं जुनं घर पाडून तिथे इमारत उभी राहिली होती. बिल्डरनं मला दोन फ्लॅट दिले होते, एकात मी राहते, वरचा एका खोलीचा मोकळा होता. तो मी तिला द्यायचं ठरवलं, तर सोसायटीनं आडकाठी केली. परदेशी भाडेकरू, बाई एकटी, वर अफगाण. कमिटीनं आम्हाला मीटिंगला बोलावलं. सेक्रेटरी निवृत्त अधिकारी होते, आवाजात अजून ऑफिस होतं.

"आपण पूर्वी काय करत होतात?" त्यांनी तिला विचारलं.

"संसदेत होते," ती मराठीत म्हणाली.

"म्हणजे कँटीनला, की साफसफाईला?"

"सदस्य होते. तीनदा."

एका काकूंनी पदर सावरला. सेक्रेटरींनी समोरचा कागद सरळ केला आणि म्हणाले, "बरं. राहा. पार्किंग मिळणार नाही."

जिना चढताना मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "आपा, त्यांनी प्रश्न बरोबर विचारला. आमच्या कँटीनमधली माणसं आज तिथेच आहेत. त्यांची नोकरी गेली नाही."

तिनं काम शोधायला सुरुवात केली. शाळांनी पदवीचे कागद मागितले, ते काबूलमध्येच राहिलेले, आणि इथल्या विद्यापीठाकडून दुसरी प्रत मिळता मिळत नव्हती. ज्यांना कागद नको होते त्यांना ती जास्त शिकलेली वाटली. शेवटी खराडीला एका लहान कंपनीत तिला तिच्या भाषांमुळे काम मिळालं. लोक इंटरनेटवर जे व्हिडिओ टाकतात त्यातले कोणते ठेवायचे आणि कोणते काढायचे हे तपासणारं ते ऑफिस. वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळी टेबलं. तिचं टेबल तिच्या देशाचं. दिवसभर कानाला हेडफोन लावून तिनं ते बघायचं, आणि कंपनीच्या नियमांप्रमाणे बटण दाबायचं. रक्त दिसलं तर एक बटण, मृतदेह दिसला तर दुसरं, धमकी असेल तर तिसरं. देश सोडून ती आली होती, आणि रोज सकाळी बस पकडून पुन्हा तिथेच जात होती.

मी तिला म्हटलं, सोड हे. ती म्हणाली, "मुलीची शाळा आहे. आणि कुणीतरी बघतंच. मी बघितलं तर निदान त्या माणसाला काय म्हणायचंय ते मला कळतं."

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती ऑफिसातून सरळ माझ्याकडे आली, वर गेलीच नाही. खुर्चीत बसली आणि पाणी मागितलं. ग्लास हातात तसाच धरून ठेवला.

"काय झालं?"

"भिंत," ती म्हणाली.

मला आधी काही कळेना. मग तिनं सांगितलं. तिच्यासमोर एक व्हिडिओ आला होता. मोठी गर्दी, सगळे पुरुष, मध्ये जमिनीवर गुडघ्यांवर बसवलेली एक बाई, आणि तिला चाबकानं मारणारे दोघे. असे व्हिडिओ तिनं अनेक पाहिले होते. बटणावर बोट ठेवता ठेवता तिला मागची भिंत दिसली. पिवळसर दगड, माणसाच्या दुप्पट उंच. कोपऱ्यात निळं फाटक. मग तिनं हेडफोनचा आवाज वाढवला आणि बाईचा आवाज ओळखला. दर आठवड्याला फोनवर ऐकलेला आवाज तो.

"मी बटण दाबलं नाही," ती म्हणाली. "नियमाप्रमाणे काढायला हवा होता. काढला तर पुरावा जातो. ठेवला तर तिचा चेहरा जगभर फिरतो. मी उठले आणि सुपरवायझरकडे गेले."

सुपरवायझर विदर्भातून आलेला तरुण मुलगा, स्वभावानं चांगला. त्यानं व्हिडिओ बघितला, अर्ध्यावर थांबवला. "मॅम, पॉलिसी आहे, रिमूव्ह करावाच लागेल," तो म्हणाला. "पण मी वर कळवतो, कॉपी जपून ठेवा म्हणून." त्यानं तिच्यासमोर मेल पाठवली. मग विचारलं, "मॅम, तुमच्या ओळखीचं कुणी आहे का यात?"

"आहे."

"सॉरी मॅम. तुम्ही घरी जा आज."

पुढचे काही आठवडे तिनं ओळखीपाळखीच्या माणसांकडून चौकशी केली. माहिती तुकड्यातुकड्यांत आली. शाळा बंद झाल्यावर ती शिक्षिका घरात गुपचूप मुलींना शिकवत होती. कुणीतरी सांगितलं. तिला पकडून ठेवलं ते शाळेतच, कारण शाळेचा आता तुरुंग झाला होता. त्या भागात दुसरी इतकी उंच भिंत असलेली जागा नव्हती. फटक्यांनंतर तिला सोडलं, पण जखमा चिघळल्या आणि औषध देणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या बातमीत ती वारली असं कळलं. तिसऱ्या बातमीत तेच.

हे कळल्यावर ती दोन दिवस जेवली नाही. तिची मुलगी खाली माझ्याकडे येऊन बसायची. सतरा वर्षांची आहे, मराठी माझ्याहून पुणेरी बोलते. मी तिला म्हटलं, आईशी बोल. ती म्हणाली, "काय बोलू? तिला वाटतं भिंत तिनं बांधली म्हणून हे झालं. मला वाटायचं जागा मी बदलायला लावली म्हणून बाबा गेले. आमच्याकडे हा फॅमिली प्रॉब्लेम आहे." आणि मग वर गेली. काय बोलली मला माहीत नाही, पण त्या रात्री वर भांड्यांचा आवाज आला.

तिनं ती नोकरी सोडली. वर पाठवलेल्या त्या मेलला उत्तर आलं नाही. व्हिडिओ जपून ठेवला की नाही, कुणालाच माहीत नाही. तेव्हा तिनं स्वतःच साक्ष द्यायचं ठरवलं. तिकडच्या अत्याचारांची नोंद ठेवणारे परदेशातले काही वकील होते, आपण म्हणतो ते वकील. त्यांच्यापुढे ती लॅपटॉपवरून बोलली, माझ्या बैठकीत बसून, कारण वरच्या खोलीत नेट टिकत नाही. मी दारापाशी बसले होते. त्यांनी ओळख विचारली. तिनं नाव, वडलांचं नाव, प्रांत सांगितला, आणि मग थांबली. पलीकडच्या बाईंनी मदत करावी म्हणून विचारलं, "माजी संसद सदस्य?"

"माजी नाही," ती म्हणाली. "माझ्यानंतर निवडणूक झालेली नाही. लोकांनी मला काढलेलं नाही."

मग तिनं भिंतीबद्दल सांगितलं. कुठल्या दगडाची, किती वर्षं लागली, कोण कोण आडवं आलं, कुणी फोन केले. त्या बाईंनी एकदा मध्येच विचारलं की हे सगळं प्रकरणाशी संबंधित आहे का. ती म्हणाली, "मी तो व्हिडिओ परत दाखवू शकत नाही. पण ती जागा मी ओळखते हे तुम्हाला पटायला हवं." बोलून झाल्यावर तिनं लॅपटॉप मिटला आणि मला विचारलं, "बोलताना मी कुठे हसवायचा प्रयत्न केला का?"

"नाही," मी म्हटलं.

त्या साक्षीचं पुढे काय झालं ते अजून कळलेलं नाही. दुसऱ्या एका देशात वसण्यासाठी तिनं अर्ज केला होता, तो नाकारला गेला. कारण असं दिलं की भारतात तिच्या जिवाला धोका दिसत नाही. हे खरंच आहे. इथे तिच्या जिवाला धोका नाही. इथला मुक्काम मात्र मुदतीमुदतीनं वाढवून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी ती त्याच तऱ्हेच्या टेबलांसमोर जाते. आता मुलगी सोबत असते, पण बोलते तीच. मुलगी बारावीला आहे. तिला आईसारखं काही व्हायचं नाही, तिला दातांचा डॉक्टर व्हायचंय. प्रवेश मिळेल का, कुठल्या कोट्यातून, हे आम्हा तिघींनाही माहीत नाही. तिची आई आता घरीच मुलांना इंग्रजी शिकवते. सेक्रेटरींची नातही येते.

या हिवाळ्यात पालिकेच्या निवडणुका झाल्या. आमचं केंद्र गल्लीच्या टोकाला, शाळेत. मी निघाले तशी तीही शाल घेऊन खाली आली. "मी येते," ती म्हणाली. "बघायचंय."

फाटकापाशी पोलीस शिपायानं तिला अडवलं. "मतदान चिठ्ठी?"

"नाही. मी यांच्यासोबत आहे."

"मग बाई, इथं थांबू नका. पलीकडं उभं राहा."

ती रस्ता ओलांडून किराणा दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. दुखरा पाय लांब करून. मी रांगेत उभी राहिले. लोक कुरकुरत होते, यादीत नाव सापडत नव्हतं, कुणी उमेदवारांना शिव्या देत होतं, पुढच्या दोघी फराळाबद्दल बोलत होत्या. मी मागे वळून पाहिलं की ती रांगेकडेच बघताना दिसायची, मान थोडी पुढे करून.

मी मत देऊन आले. तिनं माझं बोट हातात घेऊन शाई बघितली.

"आमच्याकडे बायका घरी जायच्या आधी लिंबानं घासायच्या," ती म्हणाली. "निघायची नाही. मग बोट पदरात लपवून जायच्या. तरी यायच्या."

"तुला कुणाला द्यायचं होतं मत?" मी विचारलं.

"तू कुणाला दिलंस?"

"ते सांगायचं नसतं."

"मग मीही सांगत नाही," ती म्हणाली आणि उठायला माझ्या खांद्याचा आधार घेतला. पाय आखडला होता. घर जवळच होतं, पण आम्ही रिक्षा केली.